कोपऱ्यातलं नाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाय. पोरीला नाय, टपरीवरच्या दोस्तांना नाय. माझ्या बायकोला, कौसाला तर नायच — अन् सांगायचं होतं ते तिलाच. आता ती नाय, म्हणून तुम्हाला सांगतो. हिंमत आली म्हणून नाय.

आमची शेवटची साधी संध्याकाळ आठवते. दुष्काळाचं वर्ष. दारात रिकामे हंडे, सकाळी टँकर यायचा होता. आम्ही दोघं खाटेवर चहा पीत समोरच्या चित्राकडं बघत होतो. चित्रात मोठी नदी, मागं डोंगर, काठाला काळी उंच झाडं, अन् होडीत एकटा माणूस. कौसा म्हणाली, "एवढं पाणी, अन् पिणारा एकच! ह्या बाबाला ना लाईन, ना भांडण." मी हसलो. मग ती उठली, पदराच्या कोरड्या टोकानं होडीवरची धूळ पुसली अन् भाकरी टाकायला गेली. बस्स. त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली — पण आमच्यात साधं असं काही राहिलं नाय.

का? जरा दम धरा. मला एकदम येत नाय ते तोंडावर.

मी लष्कराच्या छावणीत जुन्या सामानाचा धंदा करायचो. शाळा तिसरीपर्यंत. साहेब लोकांची बदली झाली की बंगल्यावर लिलाव व्हायचा — पंखे, कपाटं, आरसे. शहर चारी बाजूंनी वाढत होतं, जुने बंगले पडत होते, माल लई निघायचा. खुलताबादच्या रस्त्याला एका अमेरिकन पाद्र्याचा बंगला असाच निघाला. मी लोखंडी पलंगांवर बोली लावली, त्या ढिगात हे चित्र आलं. दुकानात कुणी विचारलं नाय, म्हणून घरी लावलं.

मग मुंबईचा एक म्हातारा पारखी कपाट बघायला आला. मोठ्या लिलावांसाठी जुन्या चित्रांचा भाव ठरवणारा माणूस. त्याला चहाला घरी नेलं. त्यानं चित्र भिंतीवरून काढलं अन् आधी उलटंच केलं. मागचं लाकूड बघितलं, खिळे बघितले, कापडाचा वास घेतला. मग सुलटं करून कोपऱ्यात बॅटरी मारली. मळाखाली नाव होतं. चित्र अमेरिकेतलं, शंभर वर्षांच्या वरचं. तिकडं असल्या नद्या-डोंगरांना मोठी मागणी, म्हणाला. नाव त्याच्या मनातल्या चित्रकाराचंच निघालं तर भाव लई मोठा. नाय तर नुसती भिंतीची शोभा. "हात लावू नका. मी भिंग घेऊन येतो. तोवर मळ आहे तसा राहू द्या."

कौसानं त्या भावातून एकच मागितलं — नव्या कॉलनीत दोन खोल्या, आत नळ. तिचा जन्म रांगेत गेला होता.

अडाणी होतो म्हणून चुकलो, असं म्हणू का? आमच्या धंद्यात मळका माल मांडत नसत. पितळ चिंचेनं, लाकूड रॉकेलनं. चमकलं की बोली चढते. पण पारखी बजावून गेला होता, अन् मला ते कळलं होतं. मग?

तो आला तेव्हा कोपऱ्यात काय उरलं होतं? बराच वेळ बघून म्हणाला, चित्रकार नाव सगळ्यात शेवटी घालतो, सगळ्यात वर. म्हणून पुसलं की ते आधी जातं. आता कुणाचं ते कोण सांगणार? त्यानं बॅग बंद केली. कौसानं त्याच्यापुढं हात जोडले, माफी मागितली. मी बाजूला उभा होतो.

चित्र तिनं जुन्या चादरीत गुंडाळून कपाटामागं ठेवलं. अन् त्या दिवसापासून घरातलं काहीही पुसायच्या आधी मला विचारायला लागली. "अहो, आरसा पुसू का?" "अहो, देवाचा फोटो पुसू का?" म्हातारी झाली तरी विचारायची. अन् मी — पूस म्हणायचो.

दवाखान्यात शेवटाला पोरीला म्हणाली, "तुझ्या बापाचं माझ्या हातून लई नुकसान झालं." पोरीनं रडत मला सांगितलं. तरी माझं तोंड उघडलं नाय.

तर ती दुसऱ्या दिवसाची सकाळ. पारखी दुपारी यायचा होता. टँकरचा भोंगा वाजला, कौसा हंडे घेऊन गेली. तिनं पिण्यासाठी राखलेल्या तांब्यातलं पाणी मी वाटीत घेतलं, त्यात धुण्याचा सोडा कालवला, कापसाचा बोळा बुडवला अन् कोपरा घासला. आधी पिवळा मळ आला. मग अक्षरं दिसली, काळी, लख्ख. इंग्रजी — मला वाचता येत नव्हती, पण लई आनंद झाला. अजून एक हात मारला. बोळा काळा झाला, अन् कोपऱ्यात नुसतं कापड राहिलं.

बाहेर पावलं वाजली. मी वाटी खाटेखाली सरकवली.

कौसा दारात. डोक्यावर हंडा, खांदा ओला. तिनं कोपरा बघितला. हंडा उतरवायचंसुद्धा सुचलं नाय तिला.

"अहो," ती म्हणाली, "काल मी पदरानं पुसलं... माझ्याच्यानं झालं का हे?"

बोळा माझ्या मुठीत होता. मी मूठ पाठीमागं नेली अन् म्हणालो, "व्हय."