मैदान चौथ्या मजल्यावर

हलतं चित्र पहिल्यांदा कुणी काढलं यावर ल्यों शहराच्या मोठ्या चौकातले कोटवाले भांडतात. भांडू देत बापडे. आमच्या क्रुआ-रूसच्या टेकडीवर ते बेनोआतने काढलं, मी या डोळ्यांनी पाहिलंय, आणि तिचं नाव कुणी घेत नाही याचा मला भयंकर राग आहे.

बेनोआत चौथ्या मजल्यावर राहायची, मी तिच्या खाली. माझा रेशमाचा माग. मागाला नक्षी सांगणारे पुठ्ठे असतात, त्यांना भोकं पाडायचं तिचं काम. त्यातून वेळ काढून ती फोटोच्या कारखान्यातल्या टाकाऊ पट्ट्या आणायची आणि चित्र टिपून भिंतीवर दाखवणाऱ्या एका खोक्याशी झटत बसायची. कुणासाठी? सासूसाठी! अशी सून मी तरी दुसरी बघितली नाही.

सासू म्हणजे क्लोदिन आजी. रविवारी खालच्या मैदानात पुरुष लाकडी गोळे फेकायचे आणि निवाडा आजी करायची. मग तिचे पाय गेले. मुलगा ज्युस्त, म्हणजे बेनोआतचा नवरा, म्हणाला, उचलून नेतो, तर त्याच्यावर ओरडली. "खाली कोण खोळंबलंय माझ्यासाठी? माणूस दिसेनासा झाला की लोक विसरतात." तेच मनात धरून बसली, जेवण निम्म्यावर आलं. बेनोआतला ते बघवेना. म्हणाली, "आई खाली येत नाहीत ना, मग मी मैदानच वर आणते."

पहिल्यांदा आणलं तेव्हा नुसता तमाशा झाला. खिडक्या लावल्या, भिंतीवर चादर टांगली, बेनोआतने खोक्याचा दांडा फिरवला. पट्टी आत घसरत होती, त्यामुळे चादरीवरचा ज्युस्त लटलट कापायला लागला.

"एवढी कुठे ढोसून आलास रे?" आजी म्हणाली.

"आई, थेंबभर घेतली नव्हती."

"गप. बंद कर गं ते, मळमळतंय मला."

आम्ही पोट धरून हसलो. बेनोआत तेवढी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे येऊन मागासमोर तोंड पाडून बसली. पुठ्ठ्यांची माळ सरकत होती, भोकात खुंटी शिरली की पुठ्ठा जागच्या जागी थांबत होता. बेनोआतने कपाळावर हात मारला. "जन्मभर भोकं पाडतेय मी, आणि पट्टी मात्र नुसती दाबून ओढतेय." कॉफी तशीच टाकून वर पळाली. पट्टीच्या दोन्ही कडांना भोकं पाडली, खोक्यात दाते बसवले आणि रविवारी खेळाचं नवं चित्र घेतलं.

पुढच्या रविवारी, खेळाच्या जरा आधी, तिने ते लावलं. ज्युस्त आला, वाकला, गोळा फेकला, आणि चित्र जराही थरथरलं नाही.

"पाय रेघेबाहेर आहे तुझा," आजी चादरीवर खेकसली. मग मान पुढे काढून बघायला लागली.

चित्रात मैदानाच्या कडेला एक खुर्ची होती. बेकरीवाला तिच्यावर टेकायला गेला, तर दोघातिघांनी त्याला हाकललं. ऊन आलं तशी एकाने ती रिकामी खुर्ची उचलून सावलीत ठेवली.

"ती कुणाची?" आजीने विचारलं.

"तुझीच की," ज्युस्त म्हणाला. "दर रविवारी मांडतो."

"मग बोलला नाहीस कधी?"

"त्यात सांगायचं काय?"

आजीने पदरासारखा एप्रन डोळ्यांना लावला आणि आमच्यासमोर मोकळेपणी रडली. बेनोआतही रडत होती, पण दांडा सोडत नव्हती.

"पुरे आता," आजी तिला म्हणाली. "माझे जोडे आण. मंडळी खोळंबलीत खाली."