पहिली दोरी

आमच्या किल्डोरन गावात डोळे मिटून दगड भिरकावला तरी तो मन्रो आडनावाच्याच कुणालातरी लागेल. चर्चच्या भिंतीवरच्या संगमरवरी पाट्यांवरही मन्रोच आहेत. कुणी जनरल, कुणी कर्नल, कुणी मंत्री. डूगल्ड मन्रो यांतला कुणी नव्हता. त्याने जन्मभर इन्व्हरनेसची बस चालवली. पर्यटक कौतुकाने विचारायचे, "तुम्ही त्या मन्रोंपैकी का?"

"हो तर. ते लढाया लावायचे, आम्ही त्यांचे घोडे धुवायचो. मागे सरका, दार लावायचंय."

त्याचा एकुलता एक मुलगा केनेथ मात्र आधी सैन्यात कॅप्टन झाला आणि पुढे खासदार. तो निवडून आला त्या सकाळी डूगल्डने गावभर हॉर्न वाजवत बस आणली होती.

शेजारच्या विधवा एफी मन्रोचा इयन डूगल्डच्याच स्वयंपाकघरात सूप पिऊन वाढला. मोठा झाल्यावर तोही सैन्यात गेला. परदेशातल्या एका युद्धात सैन्य पाठवावं की नाही, यावर पार्लमेंटात मतदान झालं. केनेथने पाठवण्याच्या बाजूने मत दिलं. इयन गेला आणि पेटीतून परत आला.

आमच्याकडे शवपेटी खड्ड्यात उतरवतात ती दोऱ्यांनी, आणि प्रत्येक दोरीचा माणूस आधी ठरलेला असतो. डोक्याकडची पहिली दोरी सर्वांत जवळच्याची, म्हणजे बापाची नाहीतर मुलाची. इयनची पहिली दोरी डूगल्डने धरली. केनेथ आला नाही. लंडनला काही बैठक होती म्हणे. त्याने फुलं पाठवली, चांगली मोठी.

त्यानंतर केनेथचा फोन आला की डूगल्ड म्हणायचा, "बसची वेळ झाली," आणि ठेवून द्यायचा. निवृत्त झाल्यावरही हेच म्हणायचा.

गावात दोऱ्या नेमून देण्याचं काम माझ्याकडे आहे. डूगल्डने अंथरूण धरलं तेव्हा त्याने मला बोलावून घेतलं.

"माझी पहिली एफीला दे."

"अरे, बायका कुठे दोरी धरतात आपल्याकडे?"

"बायकांनी मुलं द्यायची, दोरी धरायची नाही. हा कायदा कुणाचा? कुठल्यातरी मन्रोचाच असणार."

"आणि केनेथ?"

त्याने खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "लहानपणी मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरायला द्यायचो त्याला. सोडतच नसे." आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

डूगल्डच्या दफनाच्या दिवशी खाडीवरून बोचरा वारा येत होता. केनेथने हातमोजे काढले आणि तो आपणहून पेटीच्या डोक्याशी जाऊन उभा राहिला. मी पुकारलं, "पहिली, एफी मन्रो."

"आता बायकासुद्धा!" मागून म्हातारा मर्डो पुटपुटला.

"गप रे. तुझी धरायला मी यायची नाही," एफी म्हणाली आणि पुढे आली.

केनेथने एकदा माझ्याकडे पाहिलं. नाव पुकारताना माझं काहीतरी चुकलंय आणि मी ते सुधारीन, असं त्याला वाटलं असावं. मी नकारार्थी मान हलवली. तो बाजूला झाला.

पेटी खाली टेकली. बाकीच्यांनी रिवाजाप्रमाणे आपापल्या दोऱ्या आत सोडल्या. एफीने सोडली नाही.

"एफीमावशी," केनेथ हळूच म्हणाला, "टेकली पेटी. सोड आता."

"इयनच्या वेळी तुझा बाप इथेच उभा होता," ती म्हणाली. "सारखा रस्त्याकडे बघत होता. गाडीचा आवाज आला की मान वर करायचा. म्हणायचा, येईल, कॅप्टन आहे तो, येईलच."

तिने दोरीचं टोक त्याच्या हातात दिलं आणि मागे वळून न बघता फाटकाकडे चालू लागली.

माणसं पांगली. केनेथ दोरी धरून तिथेच उभा होता. दोरीला आता कसलंच वजन नव्हतं. खड्डा बुजवणारा फावडं टेकून माझ्याकडे बघू लागला. मी त्याला हातानेच थांब म्हटलं.