थोरल्याची वीज

संध्याकाळी बत्ती लावली की आई बल्बला हात जोडायची आणि म्हणायची, "थोरल्याची वीज आली." थोरला म्हणजे मी. झाशीजवळच्या कोळशाच्या वीजकेंद्रात टर्बाइनवर नोकरीला होतो. त्या एका वाक्यावर मी वर्षानुवर्षं छाती फुगवून फिरलो.

मग धाकट्या भावाला गरौठ्याकडच्या सौर प्रकल्पात काम मिळालं. तो आईला दाखवायला घेऊन गेला. "ना धूर, ना आवाज! किती स्वच्छ काम रे!" हेच तिचं दिवसभर चालू. आणि संध्याकाळी बत्ती लावून म्हणाली, "धाकट्याची वीज आली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अगं, सूर्य मावळलाय! आता कसली डोंबलाची धाकट्याची?"

"जळतोस काय रे?" ती हसली. जळतच होतो, खोटं कशाला बोलू!

मीही गेलो बघायला, खोड काढायलाच. सौर वीज ग्रिडमध्ये सोडणाऱ्या इन्व्हर्टरच्या पेट्यांपुढे उभं राहून विचारलं, "फ्रिक्वेन्सी पडली तर?"

"ठरलेल्या आकड्याखाली गेली की सगळ्या आपोआप बंद. बरोबर आहे ना, दादा?"

बरोबर नव्हतं. ग्रिडमध्ये, म्हणजे सगळी केंद्रं जोडणाऱ्या जाळ्यात, वीज कमी पडली की फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची लय, घसरते. तेव्हा माझ्या टर्बाइनचं अवजड चाक आपल्या फिरण्यातला जोर देऊन काही क्षण ती घसरण रोखून धरतं. याच्या पेट्यांत फिरणारं काहीच नाही, आणि वर ऐन गरजेला सगळ्या एकदम पळ काढणार. आकडा खाली घे, सगळ्यांना एकच ठेवू नकोस, एवढंच सांगायचं होतं.

मी म्हणालो, "छान आहे."

पुढे एका दुपारी कुठंतरी मोठं केंद्र बंद पडलं. फ्रिक्वेन्सी घसरली. धाकट्याच्या आणि गावोगावच्या छतांवरच्या तसल्याच पेट्या एकदम बंद झाल्या, ती आणखी घसरली, आणि झाशीत सदर बाजारापासून मानिक चौकापर्यंत बत्ती गुल. माझं मशीन घरघरलं, पण टिकलं. मी शीळ घालतच घरी आलो.

धाकटा मान खाली घालून बसला होता. साहेबांनी त्याची चांगलीच खरडपट्टी काढली होती. "दादा, माझं चुकलं कुठं?"

झालं! मी मांडी ठोकून बसलो आणि त्याला चवीचवीनं सगळं समजावलं. आकडा कुठं हवा होता, पेट्या कशा टप्प्याटप्प्यानं सुटायला हव्या होत्या, सगळं.

भाजी चिरणारा आईचा हात थांबला. "म्हणजे तिथं गेलास तेव्हाच तुला ठाऊक होतं?"

धाकट्यानं मान वर केली.

अंधार पडता पडता वीज आली. आईनं बल्बला हात जोडले. मी कान देऊन उभा होतो. तिनं कुणाचंच नाव घेतलं नाही, आणि नंतरही कधी घेतलं नाही.