वाढत्या अंगाचा रोब

क्रांती चौकातून मुंबईच्या ट्रॅव्हल्समध्ये मी बसले, तेव्हा मला सोडायला इतकी माणसं आली होती की ड्रायव्हरनं खाली उतरून विचारलं, मोर्चा कुणाचा आहे? आमचं अर्धं हर्सूल आलं होतं. उरलेलं अर्धं म्हशींना पाणी दाखवायला मागं थांबलं, नाहीतर गाडी जागची हललीच नसती. जो तो सल्ला देत होता. विमानात खिडकी उघडू नको. गोऱ्यांना एकदम आपलं तिखट खाऊ घालू नको, खटला होईल. अप्पा, म्हणजे माझे वडील, बॅगेला बांधलेली सुतळी ओढओढून बघत होते, जणू बॅगच बिचकून पळणार होती. गाडीनं आचका दिला तशी आई खिडकीखाली आली आणि म्हणाली, "जाशील गं तू. जायाचं काय, कुणीबी जातं. वापस कशी येशील, ते सांग."

वाळूज आलं तरी मी याचं उत्तर शोधत होते. तिथल्याच एका कारखान्यात मी गिअरच्या दात्यांची मापं घ्यायचे. केसाच्या शंभराव्या भागाइतका फरक डोळ्यांनी ओळखायचे म्हणा, किंवा तसं साहेबांना वाटू द्यायचे म्हणा. त्याच कसबावर स्कॉटलंडची नोकरी लागली होती. पण 'वापस कशी येशील' याचं माप कुठल्याच गेजमध्ये बसेना.

हा प्रश्न मी आधीही ऐकला होता. फक्त तेव्हा तो विहिरीबद्दल होता.

आमच्या शेतातली विहीर म्हणजे साधी विहीर नव्हती. तिच्यात सकाळी हाक मारली तर प्रतिध्वनी जेवणं झाल्यावर यायचा, आणि तोही विचारपूस करून. अप्पांनी माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि दिलं ढकलून. मी पाण्यावर आपटायच्या आधीच पोहायला शिकले. पुढं डबा सुटला आणि मी इतकी पोहायला लागले की आमच्या विहिरीतल्या कासवाला न्यूनगंड आला. मग एका वर्षी आई काठावर येऊन उभी राहिली. मी तेव्हा नुकती परकरातून पंजाबी ड्रेसात आले होते.

"पाण्यात कुणीबी शिरतं," आई म्हणाली. "बाहेर निघून कापडं कुठं बदलशील, ते सांग."

मी हात करून ज्वारी दाखवली. पुरुषभर वाढलेली ज्वारी, आत हत्ती उभा केला तर सोंडसुद्धा दिसली नसती. आईनं एकदा ज्वारीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "व्हय. हाय तोवर बदल."

दिवाळीच्या आधी ज्वारी निघाली. कडब्याच्या पेंढ्या बांधून झाल्या आणि वावर तळहातासारखं उघडं पडलं. विहीर तुडुंब होती, पण आडोसा गेला. त्यानंतर मी पोहले नाही. कुणी मारलं नाही, कुणी रागावलं नाही. पीक निघालं, त्याबरोबर माझं पोहणंही निघालं. एवढंच.

आता मी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका गावात राहते. मी निघाले तेव्हा आमच्या शहराचं नाव औरंगाबाद होतं, आता संभाजीनगर आहे. फॉर्म भरताना हात क्षणभर अडखळतो. रिक्षावाला दोन्ही नावांना थांबतो, असं ऐकते. इथल्या समुद्राबद्दल काय सांगू? तुम्ही जे तिकडं मे महिन्यात कूलरपुढं ओला टॉवेल टाकून पडता, त्या तुम्हाला पटायचं नाही. हा समुद्र इतका गार की मासे पकडले की आधी अंगाला अंग घासून घेतात, मग मरतात. आणि अशा पाण्यात दर रविवारी सकाळी बायका स्वखुशीनं उतरतात. कुणी त्यांना शिक्षा केलेली नसते, मी चौकशी केली.

त्यांची म्होरकी मोराग. आमच्या ऑफिसात पगाराचं काम बघायची, आता रिटायर होऊन सत्तरीला आलीय. ती मला दर रविवारी बोलवायची आणि मी दर रविवारी जायचे. पण काठापर्यंतच. थर्मास घेऊन बाकावर बसायचे, सगळ्यांच्या बुटांची राखण करायचे आणि विचारलं की म्हणायचे, "अजून रोब घेतला नाही गं. रोब आला की उतरते."

मागं राहिलेल्यांसाठी सांगते, रोब म्हणजे चेंजिंग रोब. पोटरीपर्यंत लोंबणारा, टोपीवाला, ढगळ कोट. बाहेरून पाऊस न भिजवणारं कापड, आतून मेंढीसारखी लव. पाण्यातून निघायचं, हा अंगावर घ्यायचा, बाह्यांतून हात आत ओढायचे, आणि भर वाऱ्यात, भर रस्त्यालगत उभं राहून आतल्या आत ओलं काढायचं, कोरडं घालायचं. वरून फक्त एक डोकं दिसतं आणि खाली काहीतरी झटापट चाललेली दिसते, पोत्यात मांजर घातल्यासारखी. हा रोब मी पहिल्यांदा बघितला तेव्हा थर्मास हातातच राहिला. आईच्या प्रश्नाचं उत्तर या लोकांनी शिवून, चेन लावून, दुकानात टांगून ठेवलं होतं.

म्हणजे आडोसा नाही, ही माझी सबब संपली होती. म्हणून मी निवडायला बसले.

आपण गुलमंडीत कापड घेतो ते आठवा. दुकानदाराला चाळीस ताके उलगडायला लावायचे, दोन बोटांत कापड चोळायचं, एक दोरा ओढून दातानं तोडायचा, रंग जाईल का म्हणून त्याच्या तोंडावर त्याला खोटं पाडायचं आणि शेवटी "जाऊबाईंना घेऊन येते" म्हणून उठायचं. इथं सगळं फोनच्या काचेवर. काच कितीही चोळली तरी सूत कळत नाही. मी मागवायचे, बेडरूममध्ये घालून बघायचे, परत पाठवायचे. एकाच्या बाह्या अरुंद. एकाची लव कुत्र्यासारखी गळणारी. एक नुसता डोक्यातून घालायचा टॉवेलचा पोंचो, त्याला बाजूनं फटी. तो घालून मी आरशासमोर कपडे बदलले आणि आरशानं नजर खाली घातली. कुरिअरवाला शेवटी दार वाजवेना, नुसता उभा राहून हसायचा. दोन उन्हाळे असे गेले. मोराग म्हणाली, तू निवडशील तोवर समुद्र आटेल. मी म्हटलं, तसं झालं तर फारच सोयीचं.

मग आई आली. अप्पा आले नाहीत. म्हशीला व्हिसा मिळाला नाही म्हणाले.

आईच्या पाण्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. तिचं माहेर पैठणच्या वर, गोदावरीच्या काठाला होतं. होतं असं म्हणायचं, कारण आता ते जायकवाडीच्या धरणाखाली आहे. देऊळ, चावडी, चिंच, सगळ्यासकट. लहानपणी मी विचारायचे, आई, मामाच्या गावाला कधी जायचं? ती म्हणायची, "बुडी मारता आली की." आणि हसायची. आमच्या विहिरीत मात्र तिला कधी पायसुद्धा बुडवताना कुणी बघितलं नव्हतं.

पहिल्याच रविवारी ती माकडटोपी, दोन स्वेटर आणि नऊवारी अशा बंदोबस्तात माझ्याशेजारी बाकावर बसली. बायका पाण्यातून निघाल्या, रोब चढवले, आत झटापट सुरू झाली. आई उठली. सरळ मोरागजवळ गेली, तिच्या रोबची कड उलटी करून शिवण तपासली, बाहीतून स्वतःचा हात घालून पार तिच्या पोटापर्यंत नेला आणि मला ओरडून सांगितलं, "हे तर घोंगडंच की गं! चेन लावलेलं!" मोरागला मराठी येत नाही, पण ती इतकी हसली की तिची चेन अडकली.

घरी येताच आईनं माझा फोन मागितला. "दाखीव."

मी माझ्या मापाचा दाखवला.

"लहान हाय."

"आई, मला बरोबर होतो तो."

"वाढत्या अंगाचं घे."

"पंचेचाळीस वर्षांची आहे मी. आता कुठल्या दिशेनं वाढू?"

"मोठं वाया जात नाय. ह्यो बघ, ह्यो घे."

तिनं बोट ठेवलं तो रोब साडेसहा फुटी, लग्नाच्या पंगतीत दोन पानं लागणाऱ्या माणसासाठी केलेला होता. आमच्या घरी कापड असंच यायचं. शाळेचा गणवेश पाचवीत घेतला की तो आठवीत अंगाला बसायचा आणि तोवर फाटलेला असायचा. केसाचा शंभरावा भाग मोजणाऱ्या मी मुकाट्यानं बटण दाबलं. आईनं बोट ठेवलेलं माप बदलायची आपल्यात पद्धत नाही.

रोब आला. खोक्यातून काढला तर खोली भरली. मी तो घातला आणि माझा आवाज आतूनच यायला लागला. आई म्हणाली, "ब्येस." मग ती तो घेऊन बेडरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं. आतून बराच वेळ कापडाची सळसळ ऐकू येत होती. बाहेर आली तेव्हा तिच्या लुगड्याचा काष्टा नव्यानं घातलेला होता. मला वाटलं, थंडीमुळं आवळून नेसली असेल. मी इतकी हुशार की मला नेहमी काहीतरी वाटतं.

रविवार उजाडला. ऑगस्ट होता, म्हणजे इथला कडक उन्हाळा. तोंडातून वाफ फक्त बोलताना येत होती. पोहण्याचा ड्रेस आतून घालून, रोब हातावर टाकून मी काठाशी गेले. लाट पायाला लागली आणि मी थांबले. पाणी गार होतं म्हणून नाही. ज्वारी निघालेलं वावर दिसायला लागलं. पाठीमागं रस्ता, पार्किंग, कुत्री फिरवणारी माणसं, आणि मला पुन्हा तेरावं वर्ष लागलेलं.

"आण इकडं," आई म्हणाली आणि माझ्या हातातून रोब घेतला.

मला वाटलं, माझ्यासाठी धरून उभी राहणार. तिनं तो स्वतःच्या अंगावर चढवला, चेन गळ्यापर्यंत ओढली, हात आत घेतले. तंबूत वादळ शिरल्यासारखं झालं. खालून लुगडं बाहेर पडायला लागलं. येतंय, येतंय, येतंच आहे. मोराग आणि बाकीच्या बायका पाणी सोडून ते बघत राहिल्या. मग चेन उघडली आणि आतून आई निघाली. माझी काळी लेगिंग आणि वाळूजच्या कारखान्याच्या वार्षिक संमेलनाचा माझा टी-शर्ट घालून.

"आई, तू?"

"मंग? येवढं मोठं काय तुझ्यासाठी घेतलं व्हय? नऊवारी सोडायला जागा लागती."

रोब माझ्या हातात देऊन ती पाण्यात गेली. छातीइतक्या पाण्यात थांबली, नाक धरलं, बुडाली. वर आली तेव्हा पाच-सहा हात पुढं होती आणि ओरडत होती, "मीठ लई झालंय गं!" जणू मीच घातलं होतं. मोराग तिच्याजवळ राहून पोहत होती आणि मला हातानं सांगत होती, ठीक आहे, ठीक आहे. आई सरळ पोहली, कुणालाही दाखवायला नाही, बाजारात गेलेली बाई चालते तशी. मी काठावर उभी राहून आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "आई, बास, निघ आता!" आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं ऐकलं नाही.

शेवटी निघाली. ओठ जांभळे, डोळे लकाकणारे. "धर नीट. अन् तोंड तिकडं कर, रस्त्याकडं. धरणारीनं पाण्याकडं बघायचं नसतं. आमच्या नदीला आडोशाला लुगडं धरायचो तवा धरणारी रस्त्याकडंच बघायची. कोण येतंय का, म्हणून."

मी रोब पसरून रस्त्याकडं बघत उभी राहिले. पाठीमागं तिचे दात वाजत होते.

"मग विहिरीवर का नाही धरलं?" मी रस्त्याला विचारलं.

सळसळ थांबली.

"तुला धरलं असतं गं. मला कुणी धरायचं व्हतं?"

एक माणूस कुत्रं घेऊन येत होता, त्याच्याकडं मी असं बघितलं की कुत्र्यानंच रस्ता बदलला.

मग आई लुगडं नेसून, माकडटोपी चढवून तयार झाली आणि तिनं रोब माझ्या हातातून घेतला. "जा आता. मी हाय."

मी गेले. गारव्यानं माझी किंकाळी इतकी मोठी निघाली की नॉर्वेत दिवे लागले म्हणतात. पण हात-पाय विसरले नव्हते. डब्याशिवाय चार हात मारले, मग आणखी चार.

आई आता परत हर्सूलला आहे. रोब माझ्या दारामागं लटकतो, एवढा मोठा की पाहुणे त्याला आधी नमस्कार करतात. लोक विचारतात, तुझं घर कुठलं? पूर्वी मी हर्सूल म्हणायचे, मग या गावाचं नाव घ्यायचे, मग दोन्ही घेऊन पुढं लांबलचक खुलासा करायचे. आता विचारलं की मला त्या सकाळी समुद्रातून मागं वळून बघितलं तेव्हा जे दिसलं, तेवढंच दिसतं. माकडटोपी घातलेली एक बुटकी बाई, दोन्ही हात आभाळाएवढे पसरून, त्यात साडेसहा फुटी माणसाचा रोब धरून, माझ्याकडं पाठ करून, स्कॉटलंडच्या पार्किंगवर नजर ठेवून उभी आहे.

पाणी गळ्यापर्यंत होतं. आणि बाहेर कसं निघायचं, ते मला लख्ख दिसत होतं.