शेंदराखालचे वीर

आमच्या घरी भात होळीपर्यंत पुरायचं. पुढे नाचणीची आंबील, नाहीतर रानातले कंद. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, प्रतापगडाच्या उतारावर आमची लहानशी वाडी. महाडला शिकायला राहिलो तेव्हा माझ्याकडे एकच सदरा होता. तो धुतला की वाळेपर्यंत मी उघडा. तरी बी.ए. झालो. वाडीत माझ्याआधी कुणी मॅट्रिकही नव्हतं, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो.

पदवी घेऊन आलो त्या साली घाटरस्त्याचं काम चालू होतं. खडी फोडणारे रानातले दगड उचलत उचलत आमच्या वीरांपाशी पोचले. गडाखालच्या लढाईत पडलेल्या गड्यांचे हे तीन दगड, असं वाडी मानायची. दर दसऱ्याला त्यांना शेंदूर, नारळ, कोंबडं. ठेकेदार म्हणाला, "वरून हुकूम आणा. नाहीतर माझ्या लेखी दगड तो दगड."

मी बाबांना घेतलं आणि घाट चढून पलीकडच्या शहरातलं संग्रहालय गाठलं. बाबांनी दाराशीच वहाणा काढल्या. आत तलवारी, ढाली, आणि कोपऱ्यात ढालतलवारीचा माणूस कोरलेला एक दगड. बाबांनी कनवटीची कुंकवाची पुडी सोडली आणि बोट लावणार, तोच शिपाई धावला.

"ओ मामा! हात लावायचा नाही!"

"मग पूजा कोण करतो ह्यांची?"

"इथं पूजा नसते. नुसतं बघायचं."

"म्हंजे उपाशीच ठेवलेत की रे समद्यांना!"

आवाज ऐकून तिथले साहेब बाहेर आले. मी आडपडदा न ठेवता सांगितलं, "असले तीन आमच्या रानात आहेत. तुम्ही आला नाहीत तर त्यांची खडी होईल."

साहेब त्याच आठवड्यात आले. पण समोर पाहतात तर शेंदराचे तीन ढिगारे. म्हणाले, "कोरीव काम दिसल्याशिवाय मी काही लिहून देणार नाही. शेंदूर काढा."

देवाचं अंग उघडं करायचं तर आधी देवाचा कौल लागतो. बाबांनी मधल्या वीराच्या दोन्ही बाजूंना भिजवलेला तांदूळ चिकटवला. उजवा दाणा पडला तर होकार. पडला डावा. ठेकेदाराचा मुकादम फिदीफिदी हसला. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"बाबा, आता?" मी विचारलं.

"आता काय? लढाईतले गडी ते. एका हाकेला कपडे उतरवतील काय? साहेब, तुमी हॅट काढा नि हात जोडा."

साहेबांनी मुकाट्याने हॅट काढली. बाबांनी गाऱ्हाणं घातलं, "बाबांनो, आमची चूक पोटात घाला. पन खडी होन्यापरीस उघडे व्हा."

उजवा दाणा पडला.

मग गरम तेल ओतून, बांबूच्या चिपेने बाबांनी स्वतः शेंदूर उतरवला. पिढ्यान् पिढ्यांचे थर खपल्यांसारखे सुटले. आधी ढाल दिसली, मग उगारलेला हात, मग तलवार. साहेब मातीत गुडघे टेकून पाहत राहिले.

"कोणत्या लढाईतला हे मी सांगू शकत नाही," ते म्हणाले, "पण हा लढता लढता पडलेला माणूस आहे."

त्यांनी तिथेच लिहून दिलं, आणि तो कागद पाहून मुकादमाने माणसं माघारी बोलावली. पुढे खडी दुसरीकडून आली. तिन्ही वीर जागच्या जागी राहिले, आणि सरकारदरबारी त्यांची नोंद झाली, ती माझ्या अर्जावर.