टांगेवाल्याने न दिलेला केस

घोड्याच्या शेपटीचा केस घट्ट बांधला की चामखीळ गळून पडते, असं आमच्या अमरावतीत सगळ्याच बायका सांगत. माझ्या मानेवर एक होती. म्हणून रोज शाळेत सोडणाऱ्या टांगेवाल्याकडे मी केस मागितला.

त्याने घोडा थांबवला. “नाई देत, बाई. दवाखान्यात जा. डाक्तर बिजलीनं जाळते.”

“एका केसाची एवढी कंजुषी?”

“माह्या बायकोले म्याच बांधून देल्ला होता. जागा पिकली, धनुर्वात झाला. गेली.”

मग त्याने न विचारताच टांगा सरकारी दवाखान्याकडे वळवला. काम पाच मिनिटांत आटोपलं.

मानेवरची पट्टी पाहून त्याने विचारलं, “दुखलं काय?”

“मुळीच नाही.”

तो घोड्याची मान थोपटत पाठमोरा उभा राहिला. शाळेला उशीर होत होता, पण मी ‘चला’ म्हणाले नाही.