उजव्या अंगाला उभा राहिलो ते

म्हशींच्या व्यापारात पडल्यावर मी पहिली गोष्ट उचलली ती ही, की ठाम बोलायचं नाही. "गाभण असंल." "दहा लिटरला जाईल असं वाटतंय." "शांत हाय म्हणत्यात." 'असंल' म्हटलं की उद्या गिऱ्हाईक दारात आलं तरी शब्द अंगावर येत नाही. 'म्हणत्यात' त्याहून सोयीचं, कारण कोण म्हणतंय ते कुणी विचारत नाही. दुसऱ्याच्या गोठ्यात शेण काढता काढता हे ऐकलं आणि त्यावर उचगावात स्वतःचा गोठा उभा केला.

अंदाज मी हातानं घेतो. कासेला हात लावला की दुधाचा आकडा सुचतो, आणि धार काढल्यावर तो खरा की खोटा ते लगेच कळतं. तर्काचं तसं नाही. दोन गोष्टी दिसतात, तिसरी आपण जोडतो आणि ती तपासायला कुणी बादली घेऊन बसत नाही. दाजींच्या बाबतीत मी हेच केलं.

दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे मालक, गडमुडशिंगीचे. त्यांच्याकडून मी एक म्हैस विकायला घेतली होती. परका हात लागला की ती मागचा उजवा पाय उचलायची. ही खोड दाजींनी घेतानाच सांगितली होती. पुढं कळंब्याचे एक म्हातारे शेतकरी गिऱ्हाईक म्हणून आले. आमच्याकडं घेणाऱ्यानं संध्याकाळी आणि सकाळी स्वतः धार काढून बघायची पद्धत आहे. दोन्ही वेळा म्हैस गरीब गाईसारखी उभी राहिली. तरी म्हातारे म्हणाले, "पावणं, म्हस चांगली हाय, पर नगो."

त्याच सकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर दाजी या म्हाताऱ्यांबरोबर चहा पिताना मला दिसले होते. झालं. दुपारी मी गडमुडशिंगीत, शेजारपाजारच्या देखत, "माझा सौदा तुम्हीच मोडला" म्हणून मोकळा झालो. गिऱ्हाइकाशी कधी न विसरलेलं 'असंल' घरच्या माणसाशी बोलताना आठवलं नाही. दाजी गप्प राहिले. ते गप्प राहणं म्हणजे कबुलीच, असंही मीच धरलं. त्यानंतर दोन भाऊबीजा गेल्या. बहीण माझ्या दारात आलेली नाही.

गेल्या आठवड्यात ते म्हातारे बाजारात भेटले. मी मुद्दाम खोचून विचारलं, "आमच्या दाजींनी त्या टायमाला टपरीवर चांगलं कान भरलं तुमचं, न्हाय का?"

"ते तुमचं दाजी हुतं व्हय? आमी ऊसतोडीचं बोलत हुतो."

"मग म्हस का सोडली?"

म्हातारे हसले. "दोन्ही येळला तुमी तिच्या उजव्या अंगाला, मांडीवर हात ठिवून उभं. धार संपली तरी हात निघंना. धनी जिथनं हलत न्हाई, खोड तिथंच असती की."

बाजारातून मी सौदा न करता परतलो. म्हैस बिथरू नये म्हणून ठेवलेल्या माझ्याच हातानं सगळं सांगून टाकलं होतं. तरीही मनात एक कुरकुर आहेच. दाजींना एकदा 'मी न्हाय' म्हणायला काय झालं होतं? पण त्या दिवशी मी त्यांना तोंड उघडायला जागा ठेवली नव्हती, हेही आठवतं.

काल गडमुडशिंगीला गेलो. बहीण अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी म्हणालो, "बहुतेक माझा अंदाज चुकला असंल."

तिनं वर बघितलं. "बहुतेक? असंल? दादा, मी काय म्हस घ्यायला आलीया तुझ्याकडं?"

"चुकला," मी म्हणालो.

"मला काय सांगतोस? ज्यांना बोललास ते गोठ्यात हायती."

दाजी धार काढत होते. मी म्हशीपाशी जाऊन उभा राहिलो. "दाजी, तुमी कुणाला काय सांगितलं न्हवतं. मीच दाखवून दिलं त्या म्हाताऱ्यांना."

बादलीतला आवाज थांबला नाही. धार काढता काढताच ते म्हणाले, "तिकडं नगा उभं ऱ्हाऊ. ही डावीकडनं मारती."

मी बाजूला झालो. भाऊबीजेचं विचारायचं होतं, ते ओठांवरच राहिलं. धार संपेपर्यंत मी तिथंच उभा होतो, आणि त्यांनी मला जा म्हटलं नाही.